जुन्या मसल कारचा एक्झॉस्ट: एच पाइप, एक्स पाइप आणि मफलर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकडे अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आता साठ-सत्तरच्या दशकातली एखादी मसल कार, म्हणजे दणकट व्ही-८ इंजिनवाली चेव्हेल, मस्टँग, जीटीओ नाहीतर रोड रनर गॅरेजमध्ये आणून ठेवलीये, आणि गाडी आली की पहिला प्रश्न एक्झॉस्टचाच येतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. क्रॉसओव्हर पाइप म्हणजे नक्की काय आणि तो गाडीखाली असतो कुठे?

व्ही-८ इंजिनला दोन बाजू, एकेका बाजूला चार सिलिंडर. ड्युअल एक्झॉस्ट असेल तर दोन्ही बाजूंचा गॅस आपापल्या पाइपातून मागे जातो, आणि या दोन पाइपांना मफलरच्या (म्हणजे सायलेन्सरच्या) आधी एकमेकांशी जोडणारा जो तुकडा तो क्रॉसओव्हर. साधारण गिअरबॉक्सच्या खाली किंवा त्याच्या जरा मागे असतो. दोन समांतर पाइपांमध्ये एक आडवा पाइप टाकला की झाला एच, आणि दोन्ही पाइप मध्ये एकत्र येऊन पुन्हा वेगळे झाले की झाला एक्स. पार्ट कॅटलॉगमध्ये याच नावाने अजून दोन वेगळ्याच वस्तू दिसतात, ऑर्डर करण्याआधी प्रश्न १७ वाचा.

२. पण तो लागतोच कशाला? दोन पाइप सरळ मागे नेले तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, त्या काळात जीएमच्या बऱ्याच ड्युअल एक्झॉस्ट गाड्या क्रॉसओव्हरशिवायच यायच्या आणि लोक मजेत चालवायचे. पण कारण समजून घेण्यासारखं आहे कारण पुढची सगळी निवड त्याच्यावरच उभी आहे.

शेवी, पॉन्टिअ‍ॅक, मोपार (क्रायस्लरच्या गाड्या) यांची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. डावीकडे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) दर ९० अंश फिरला की एक सिलिंडर फुटतो, म्हणजे पेटतो, म्हणजे पूर्ण इंजिनचा ठेका एकदम समान. पण ऑर्डर नीट बघा, ८ आणि ४ पाठोपाठ फुटतात आणि दोघं उजवीकडचे, तसंच ५ आणि ७ पाठोपाठ आणि दोघं डावीकडचे. त्यामुळे एकेका पाइपात बघितलं तर धक्के सारखे येतच नाहीत, मध्ये कधी ९० अंशांचं अंतर, कधी १८०, कधी २७०. फोर्डच्या २८९ आणि ३०२ इंजिनांची ऑर्डर आणि सिलिंडरचे नंबर देण्याची पद्धत दोन्ही वेगळी (१-५-४-२-६-३-७-८) पण तिथेही ४-२ आणि ७-८ या जोड्या एकाच बाजूच्या, म्हणजे दुखणं तेच. अमेरिकन व्ही-८ चा तो जो गडगडणारा लडखडता आवाज आपल्याला वेड लावतो ना, तो या असमान ठेक्यातूनच येतो.

क्रॉसओव्हर काय करतो तर एका पाइपात पाठोपाठ दोन धक्के आले की दाबाला दुसऱ्या बाजूला वाट मिळते, दोन्ही बाजू थोड्या सारख्या होतात आणि प्रत्येक धक्क्याला एकाऐवजी दोन मफलरची मोकळीक मिळते. त्यामुळे मधल्या आरपीएमला टॉर्क जरा बरा मिळतो आणि आवाजातला कडकडाट कमी होतो.

३. एच आणि एक्स, आवाजात फरक काय?

एच मध्ये दोन्ही बाजू बऱ्याचशा वेगळ्याच राहतात, फक्त दाब इकडून तिकडे जातो. म्हणून मूळ गडगड टिकते, आवाज खोल येतो, आयडलला गाडी जुनी वाटते, जशी वाटायला हवी तशी. एक्स मध्ये गॅस खरोखर मिसळतो, ठेका समान होतो आणि आवाज वरच्या पट्टीत, गुळगुळीत, वरच्या आरपीएमला रेसिंग गाडीसारखा तीक्ष्ण होतो.

माझं स्पष्ट मत, १९७२ च्या आधीची गाडी असेल आणि ती रस्त्यावर फिरवायची असेल तर एच घ्या. ही गाडी तुम्ही ज्या आवाजासाठी घेतलीत तो आवाज एक्स पाइप बदलून टाकतो. ज्यांना तो तीक्ष्ण आवाजच आवडतो त्यांनी खुशाल एक्स घ्यावा, पण आधी तसंच इंजिन आणि तसाच मफलर असलेली गाडी समोर उभं राहून ऐका. व्हिडिओवर जाऊ नका, फोनच्या माइकला खालच्या पट्टीतलं फारसं पकडता येत नाही आणि ड्रोन, म्हणजे केबिनमध्ये घुमणारा एकसुरी आवाज, तर अजिबात कळत नाही (त्यासाठी प्रश्न ९).

४. एक्स पाइपने पॉवर जास्त मिळते असं सगळे म्हणतात, किती?

वरच्या आरपीएमला एक्स थोडा पुढे असतो हे खरं, विशेषतः मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) आणि हेडर्स (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) असलेल्या इंजिनवर. पण नीट बनवलेल्या एच शी तुलना केली तर स्ट्रीट इंजिनवर हा फरक इतका कमी असतो की ड्रायव्हर सीटवर बसून तो कळणार नाही. क्रॉसओव्हर अजिबात नसणं आणि कुठलातरी एक असणं हा फरक त्याहून मोठा. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीत हा निर्णय आवाज आणि खाली जागा किती आहे या दोन गोष्टींवर घ्या. ड्रॅग स्ट्रिपवर सेकंदाचे शतांश मोजणारे असाल तर गोष्ट वेगळी, मग डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) दोन्ही लावून बघा.

५. एच चा आडवा पाइप नेमका कुठे टाकायचा? ती पेंटची ट्रिक खरी आहे का?

खरी आहे आणि जुनी आहे. दोन्ही पाइपांवर हेडरच्या कलेक्टरपासून (त्याच्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथून) मागे साध्या स्प्रे पेंटचा पट्टा मारायचा, गाडी जोरात एकदा पळवायची आणि मग बघायचं की पेंट कुठपर्यंत जळलाय. जिथे जळणं थांबतं त्याच्या आसपास आडवा पाइप टाकायचा.

पण खरं सांगायचं तर स्ट्रीट गाडीत जागा आपल्याला विचारून मिळत नाही. ट्रान्समिशन पॅन, क्रॉसमेंबर, हँडब्रेकची केबल, मोपारमध्ये टॉर्शन बार, या सगळ्यातून जिथे जागा उरते तिथेच तो बसतो. कलेक्टरच्या जितका जवळ तितकं चांगलं, मफलरला चिकटून टाकलेला एच फारसा उपयोगाचा नाही. आडवा पाइप मुख्य पाइपाच्या जाडीचाच ठेवा, बोटभर जाडीची नळी टाकून समाधान होत नाही. आणि गिअरबॉक्स कधीतरी उतरवावा लागणारच आहे, त्यामुळे एच किंवा एक्स हा तुकडा फ्लँज किंवा बँड क्लॅम्पने सुटा होईल असाच बनवून घ्या. सगळं एकसंध वेल्ड केलं तर क्लच प्लेट बदलायच्या दिवशी ग्राइंडर हातात घ्यावा लागतो.

६. पाइपची साइज किती घेऊ? सगळे म्हणतात तीन इंची टाक.

सगळ्यांना विचारा तुमचं इंजिन खरंच किती हॉर्सपॉवर देतंय. ड्युअल एक्झॉस्टसाठी ढोबळ हिशेब असा, क्रँकला ३०० हॉर्सपॉवरपर्यंत २.२५ इंच पुरतो, साधारण ४५० पर्यंत २.५ इंच, आणि ५०० च्या वर गेलात की ३ इंचाचा विचार करा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, १९७१ पर्यंतचे कंपनीचे आकडे बहुतेक ग्रॉस असायचे, म्हणजे गाडीतला एक्झॉस्ट, एअर क्लीनर, बाकीची लटांबरं न लावता टेस्ट बेंचवर मोजलेले. १९७२ पासून नेट आकडे यायला लागले आणि एका वर्षात सगळ्या गाड्या कागदावर अशक्त दिसायला लागल्या. तेव्हा १९६९ च्या ब्रोशरमध्ये ३५० लिहिलंय म्हणून गाडीत बसलेलं इंजिन ३५० देतंय असं समजून पाइप निवडू नका.

१६ गेजच्या पाइपात आतली जागा मोजली तर २.५ इंची पाइप २.२५ पेक्षा साधारण २५ टक्क्यांनी मोठा आणि ३ इंची पाइप २.५ च्या जवळपास दीडपट. तीन इंची दोन पाइप रिअर अ‍ॅक्सलच्या वरून, शॉक आणि पेट्रोल टाकीच्या मधून नेणं हे फार कटकटीचं काम आहे, पाइप कुठेतरी बॉडीला लागतोच आणि स्पीड ब्रेकरवर खाली घासतो. बहुतेक स्मॉल ब्लॉक (लहान व्ही-८) आणि साध्या बिग ब्लॉकला (मोठ्या व्ही-८ ला) २.५ इंच हेच उत्तर आहे.

७. जास्त मोकळा एक्झॉस्ट केला तर बॅकप्रेशर जाऊन लो-एंड टॉर्क कमी होतो ना?

इंजिनला बॅकप्रेशर नको असतं, कधीच नको असतं. त्याला हवा असतो पाइपातल्या गॅसचा वेग, कारण बाहेर पडणारा एक धक्का मागे कमी दाब सोडून जातो आणि पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला त्याची मदत होते. पाइप अवाजवी मोठा घेतला की हा वेग पडतो, लोक त्याला बॅकप्रेशर गेलं म्हणतात. हा परिणाम हेडरच्या नळ्या आणि कलेक्टरमध्ये जास्त असतो, मफलरच्या मागे फार कमी. आणि बऱ्याचदा एक्झॉस्ट बदलल्यावर गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी वाटते त्याचं खरं कारण कार्बोरेटर असतो, प्रश्न १४.

८. मफलरचे प्रकार किती आणि कुठला घेऊ?

दुकानात नावं शंभर आहेत पण आत उघडून बघितलं तर मुख्य चारच प्रकार.

चेंबर्ड मफलर म्हणजे आत पत्र्याचे आडोसे, लोकर-बिकर काही नाही. आवाजाच्या लहरी त्या भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात. फ्लोमास्टर हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, ४० सिरीज मोठ्या आवाजाची, ५० आणि ७० सिरीज जास्त शांत. हा तो कडक, धातूसारखा, छातीत लागणारा मसल कारचा आवाज. आत जळून जाण्यासारखं काही नसल्यामुळे वर्षानुवर्षं आवाज तसाच राहतो. पण ड्रोनचा त्रास याच प्रकारात सगळ्यात जास्त येतो.

टर्बो मफलर हा माझा आवडता, आणि याला हवी तेवढी इज्जत मिळत नाही. शेवर्लेने १९६२ मध्ये टर्बोचार्ज्ड कॉर्व्हेअर काढली, तिच्यासाठी बनवलेला मफलर बाकीच्या स्टॉक (कंपनीच्या मूळ) मफलरपेक्षा बराच मोकळा निघाला, हॉट रॉडवाल्यांना (जुन्या गाड्या बदलून वेगवान करणाऱ्यांना) ते कळलं आणि त्यांनी तो सगळ्या गाड्यांना लावायला सुरुवात केली, नाव तेच चिकटलं. आत एस आकाराने वळणारी छिद्रांची नळी, भोवती थोडं पॅकिंग. डायनोमॅक्सचा सुपर टर्बो हे साधं, स्वस्त उदाहरण. आयडलला गोड गडगड, हायवेवर बायको-मुलांशी बोलता येतं. रोज नाहीतर दर वीकेंडला चालवायची गाडी असेल तर मी डोळे झाकून हाच सांगतो.

तिसरा प्रकार आरपार, म्हणजे छिद्रं पाडलेली सरळ नळी आणि भोवती स्टेनलेसची लोकर किंवा फायबरग्लास. मॅग्नाफ्लो, बोर्ला वगैरे. वाहायला सगळ्यात मोकळा, आवाज स्वच्छ आणि जरा आधुनिक. बॉडी जितकी मोठी आणि लांब तितका शांत, १४ इंची आणि १८ इंची मॉडेल एकाच कंपनीची असली तरी आवाजात खूप फरक.

चौथा ग्लासपॅक, म्हणजे आरपारचाच बारीक, स्वस्त, जुना भाऊ. लाल रंगाचा चेरी बॉम्ब सगळ्यांनी पाहिलाय. सुरुवातीला बरा वाटतो, मग आतलं फायबरग्लास हळूहळू जळून उडून जातं आणि गाडी दरवर्षी जास्त ओरडायला लागते. ऍक्सिलरेटर सोडला की तो जो फटफट आवाज येतो तो याचाच. त्या काळातला हॉट रॉडचा अस्सल बाज हवा असेल तर घ्या, नाहीतर रस्त्यावर रोज नको.

क्रॉसओव्हर आणि मफलर एकत्र निवडा हे सांगायला हवं. एच आणि टर्बो म्हणजे खोल आणि सभ्य. एच आणि चेंबर्ड म्हणजे १९७० चा शनिवार रात्रीचा वुडवर्ड अव्हेन्यू (डेट्रॉइटचा मसल कारवाल्यांचा प्रसिद्ध रस्ता). एक्स आणि आरपार म्हणजे आजच्या गाडीसारखा. एक्स आणि चेंबर्ड ही जोडी मला तरी जमत नाही, एक आवाज गुळगुळीत करतो आणि दुसरा खरखरीत, दोन्हीचं अर्धंअर्धं उरतं.

९. ६५ माइल्सला कान बसतात, डोकं दुखतं. हा ड्रोन कसा घालवू?

ड्रोन म्हणजे इंजिनच्या ठराविक आरपीएमला एक्झॉस्टचा आवाज आणि गाडीच्या केबिनची हवा एकाच पट्टीत घुमायला लागतात. व्ही-८ ला क्रँकच्या एका फेऱ्यात चार धक्के, म्हणजे २००० आरपीएमला सेकंदाला साधारण १३३. मोठ्या केबिनला ही पट्टी फार आवडते.

आधी फुकटचे उपाय. पाइप कुठे बॉडीला टेकत नाही ना बघा, कारण नुसता पाइप फ्लोअरला लागत असेल तरी पूर्ण गाडी घुमते. हँगर रबराचे आहेत ना बघा. टेलपाइप गाडीच्या मागे पूर्ण बाहेर येतो का बघा (प्रश्न १०). ट्रंकचं रबर सील बघा, मागच्या सीटमागे आणि फ्लोअरला साउंड डेडनर टाका.

मग मफलर बदला, चेंबर्ड काढून टर्बो किंवा लांब बॉडीचा आरपार. नाहीतर टेलपाइपमध्ये रेझोनेटर (छोटा जादा मफलर) टाका, कंपन्यांनी त्या काळी बऱ्याच गाड्यांना तो दिलेलाच होता.

सगळं करून एकाच आरपीएमला त्रास उरला तर 'जे' (J) पाइप टाका. मुख्य पाइपाला एक बाजूचा पाइप जोडायचा, त्याचं दुसरं टोक बंद. लहर आत जाते, बंद टोकावर आपटून उलटी येते आणि मूळ लहरीला मारते. लांबी त्या लहरीच्या एक चतुर्थांश लागते, १३३ च्या पट्टीला गरम गॅसमध्ये ती साधारण ३० ते ३६ इंच निघते, नेमकी लांबी आतल्या तापमानावर ठरते म्हणून आधी जरा लांब बनवून टोपी सरकवत जुळवतात. पॉवर अजिबात जात नाही, फक्त जागा लागते.

एक सापळा आहे, त्यात खूप लोक अडकतात. २६ इंची टायर आणि ३.५५ चा रिअर (मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो) असेल तर ६५ माइल्सला इंजिन जवळपास ३००० आरपीएमवर असतं आणि ड्रोन मागे पडलेला असतो. मग आपण हौसेने ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स टाकतो, ०.७० चा टॉप गिअर, आणि आता तोच वेग २१०० ला, म्हणजे बरोब्बर घुमण्याच्या जागी. एक्झॉस्ट तोच, गाडी तीच, आणि अचानक हायवे नकोसा होतो. म्हणून गिअरबॉक्स बदलायचा विचार असेल तर आधी तो बदला, मग मफलर निवडा.

१०. टेलपाइप न टाकता पाइप मफलरच्या मागे लगेच खाली वळवून सोडले तर? पैसे वाचतात.

नका करू. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, या गाड्यांना कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, विषारी वायू कमी करणारा भाग) नाही, कार्बोरेटर रिच (पेट्रोल जास्त) चालतो आणि पन्नास वर्षांच्या फ्लोअरला, ट्रंकला, शिफ्टरच्या रबराला भोकं असतात. गाडीखाली सोडलेला गॅस ट्रॅफिकमध्ये उभं असताना आत येतो. मागे लहान मुलं बसणार असतील तर या विषयावर चर्चाच नको. शिवाय फ्लोअरच्या खाली सोडलेला आवाज थेट केबिनमध्ये घुमतो. पाइप रिअर अ‍ॅक्सलच्या वरून नेऊन बंपरच्या मागे पूर्ण बाहेर काढा.

११. माइल्ड स्टील, अ‍ॅल्युमिनाइज्ड की स्टेनलेस?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं. छोट्या फेरीत पाइप नीट तापतच नाही, ती वाफ मफलरमध्येच पाणी होऊन बसते आणि आतून गंज खाते. म्हणून कमी चालणाऱ्या हौसेच्या गाडीचा मफलर रोजच्या गाडीपेक्षा लवकर सडू शकतो. गाडी काढली की वीस-तीस मिनिटं नीट चालवा, गॅरेजमध्ये पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका.

साधं माइल्ड स्टील टाळा. अ‍ॅल्युमिनाइज्ड बहुतेकांना पुरतं, फक्त वेल्डिंगच्या जागी कोटिंग जळतं तिथे हाय-टेंप पेंट मारा. ४०९ स्टेनलेस वरून तपकिरी पडतं पण आरपार सडत नाही, त्याला चुंबक चिकटतो. ३०४ सगळ्यात टिकाऊ, चकचकीत आणि महाग. मिशिगन, न्यू जर्सी, शिकागोकडे हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी न्यायची असेल (शक्यतो नेऊ नका) तर स्टेनलेसच. मफलरला सगळ्यात खालच्या बाजूला कंपनीने बारीक भोक ठेवलं असेल तर ते पाणी निघायला असतं, लीक समजून बुजवू नका.

१२. रेडिमेड किट घेऊ की मफलर शॉपमध्ये बनवून घेऊ?

गाडी प्रसिद्ध मॉडेल असेल, म्हणजे पहिल्या पिढीची मस्टँग, कॅमेरो, चेव्हेल, बी-बॉडी मोपार (रोड रनरसारख्या मधल्या आकाराच्या गाड्या), तर किट घ्या. त्यात मँड्रेल बेंड मिळतात, म्हणजे वळणावरसुद्धा पाइप गोलच राहतो. साध्या शॉपमधल्या मशीनवर वळण चेपतं आणि २.५ इंची पाइप तिथे बराच आक्रसतो. गाडी वेगळी असेल, इंजिन बदललेलं असेल किंवा किटचे हँगर जुळत नसतील तर चांगला फॅब्रिकेटर शोधा आणि मँड्रेल बेंड विकत आणून त्याच्याकडून जोडून घ्या.

ऑर्डर देताना बॉडी स्टाइल नक्की सांगा. कन्व्हर्टिबल मस्टँगला खाली मजबुतीसाठी जादा पत्रा असतो, त्यामुळे कूपेचा एच पाइप तिला बसेलच असं नाही. गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक हेही सांगा.

१३. हेडर्स आहेत, कलेक्टर ३ इंची आहे. मग पुढचा पाइपही ३ इंचीच हवा का?

नाही. कलेक्टरनंतर रिड्यूसर टाकून २.५ वर आणा, साइज प्रश्न ६ प्रमाणे हॉर्सपॉवरवरून ठरते. रिड्यूसर एकदम पायरीसारखा नको, उतरता हवा. हेडर्सऐवजी कंपनीचे कास्ट आयर्न मॅनिफोल्ड असतील तर त्यांच्या तोंडाची साइज आधी मोजा, तोंडच २ इंची असेल तर मागे ३ इंची पाइप लावून पैसे वाया जातात. शेवी स्मॉल ब्लॉकच्या २.५ इंची तोंडाच्या रॅम्स हॉर्न मॅनिफोल्डवर एच पाइप आणि टर्बो मफलर लावलेली गाडी फार सुंदर चालते, हेडरची गळती नाही, स्पार्क प्लगच्या वायरी जळत नाहीत.

१४. नवीन एक्झॉस्टनंतर गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून फटाके येतात. काय झालं?

इंजिन आता जास्त हवा ओढतंय आणि पेट्रोल तेवढंच मिळतंय, म्हणजे मिश्रण लीन झालं. स्पार्क प्लग काढून बघा, एकदम पांढरे असतील तर कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) मोठे करा. पाइप बनवतानाच कलेक्टरनंतर वाइडबँड सेन्सरसाठी (तो मिश्रण मोजतो) बंग, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची रिंग, वेल्ड करून घ्या, खर्च नगण्य आहे आणि मग अंदाजाने काम करावं लागत नाही. ऍक्सिलरेटर सोडल्यावर मागून फटफट येत असेल तर मात्र आधी गळती शोधा, टेलपाइपमध्ये शॉप व्हॅक उलटा लावून हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे दिसतील.

१५. यू-बोल्ट, बँड क्लॅम्प की वेल्ड?

बँड क्लॅम्प. यू-बोल्ट पाइप चेपून धरतो, पुन्हा सुटत नाही. सगळं वेल्ड केलं तर प्रश्न ५ मधली अडचण. सगळे क्लॅम्प आधी हाताने ढिले ठेवा, पूर्ण सिस्टिम लटकवून जागा जुळवा आणि मग पुढून मागे घट्ट करत या. तीन मीटर लांबीचा स्टीलचा पाइप तापल्यावर सेंटिमीटरभर वाढतो, ३०४ तर दीड सेंटिमीटर, त्यामुळे बॉडीपासून बोटभर अंतर सगळीकडे हवंच, आणि पेट्रोलच्या लाइनपासून त्याहून जास्त.

१६. माझ्या कॅमेरोला मागे एकच आडवा मफलर आहे, दोन पाइप आत दोन बाहेर. मला क्रॉसओव्हर लागेल का?

१९६७ ते ६९ च्या ड्युअल एक्झॉस्ट कॅमेरोला रिअर अ‍ॅक्सलच्या मागे आडवा मफलर असायचा, १९६९-७० च्या मस्टँगलाही तशीच रचना. या मफलरच्या पोटात दोन्ही बाजूंचा गॅस कमीअधिक भेटतोच, म्हणून आवाजासाठी वेगळा एच तितका गरजेचा नाही. पण तो मफलर इंजिनपासून फार लांब असल्याने टॉर्कचा फायदा मिळत नाही, त्यासाठी पुढे एच टाकता येतो. स्टॉक दिसणं महत्त्वाचं असेल तर आडवाच ठेवा, आतून मोकळे केलेले नवे मिळतात.

१७. कॅटलॉगमध्ये क्रॉसओव्हर पाइप मागवला, आला भलताच. असं का?

कारण सिंगल एक्झॉस्टच्या गाडीत एका बाजूचा गॅस इंजिनच्या खालून दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या पाइपलाही हेच नाव आहे. तो दोन बाजू जोडून एकाच पाइपात सोडतो, ड्युअल सिस्टिममध्ये त्याचं काही काम नाही. तिसरी वस्तू म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या आतला एक्झॉस्ट क्रॉसओव्हर, कार्बोरेटरखाली गरम गॅस फिरवणारी वाट, थंडीत इंजिन नीट चालावं म्हणून. तिच्यासाठी एका मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर झडप असते. ती गंजून बंद अवस्थेत अडकली असेल तर एक बाजू अर्धी गुदमरते, कार्बोरेटर उकळतो, आणि आपण बिचाऱ्या मफलरला दोष देत बसतो. म्हणून एक्झॉस्टवर पैसे घालायच्या आधी ती झडप हाताने हलवून बघा.

१८. गाडी ओरिजिनल आहे, मॅचिंग नंबर (इंजिन-गिअरबॉक्स मूळचेच). बदल करू का?

कॉन्कोर्सला (मूळ रूपातल्या गाड्यांच्या स्पर्धेला) न्यायची असेल तर नाही, तिथे मफलरचा आकार, हँगर, टेलपाइपचं टोक सगळं बघतात. फोर्डने मस्टँगच्या ड्युअल सिस्टिमला आणि क्रायस्लरने बऱ्याच बिग ब्लॉक बी-बॉडींना एच पाइप कंपनीतूनच दिलेला होता, तेव्हा तुमच्या वर्षाला काय होतं ते आधी शोधा. कॉर्व्हेटच्या साइड पाइपसारखे ऑप्शन असतील तर त्यांना हातही लावू नका, त्यात क्रॉसओव्हरला जागाच नसते आणि त्यांचा तो आवाज हाच त्यांचा मान आहे. बदल केलाच तर कापाकापी न करता बोल्टने लागणारा करा आणि जुना प्रत्येक तुकडा, गंजका हँगरसुद्धा, जपून ठेवा.

१९. बटण दाबलं की मोठा आवाज, असा कटआउट (मफलर टाळून गॅस बाहेर सोडणारी झडप) टाकू का?

१९७० मध्ये पॉन्टिअ‍ॅकने जीटीओला हेच दिलं होतं, डॅशखाली नॉब ओढला की व्हॅक्यूमवर मफलरमधली वाट उघडायची. सुपर बाउलमध्ये जाहिरात आली आणि जीएमच्या वरच्या लोकांनी तो ऑप्शन लगेच बंद करायला लावला, त्यामुळे अशा गाड्या आज दुर्मिळ आहेत. आजचे इलेक्ट्रिक कटआउट चालतात, पण काही दिवसांनी झडप पूर्ण बसत नाही आणि गळायला लागते. टाकलाच तर क्रॉसओव्हरच्या मागे टाका आणि तोंड गाडीच्या बाहेरच्या बाजूला वळवा, कारण प्रश्न १०.

२०. कॅट नाही, आवाज मोठा, मग पोलीस पकडतील का?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून आले, त्याआधीच्या गाडीला तो मुळातच नाही, तेव्हा त्याची चिंता नको. कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला स्मॉग टेस्ट नाही. आवाजाचं मात्र तसं नाही, तिथे प्रवासी गाड्यांना ९५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती जुन्या गाडीलाही लागू. बाकी राज्यांत आणि गावागावांत नियम वेगळे, आपल्या काउंटीचा बघून घ्या. पुण्या-मुंबईत बुलेटच्या बदललेल्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात, इकडे तसं होत नाही पण दंड होतो. आणि सकाळी सहाला गाडी काढायची असेल तर शेजाऱ्यांसाठी तरी ती कोपऱ्यापर्यंत हळू न्या, या गाड्यांवर बंदी घाला म्हणणारे लोक अशाच सकाळी तयार होतात.

२१. बजेट थोडंच आहे. आधी काय करू?

आधी गळती आणि हीट रायझर, मग पूर्ण टेलपाइप, मग मफलर, आणि क्रॉसओव्हर त्याच वेळी त्याच शॉपमध्ये, कारण पाइप खाली उतरलेलेच असतात आणि दोन मजुऱ्या द्याव्या लागत नाहीत. हेडर्स सगळ्यात शेवटी.

२२. नवीन सिस्टिम लावली, पहिल्याच दिवशी मफलरमधून धूर आणि वास येतोय. खराब आला का?

नाही. पाइपावरचं तेल आणि आतल्या पॅकिंगमधला बाइंडर पहिल्यांदा तापल्यावर जळतो. गॅरेजचं दार उघडं ठेवून किंवा बाहेर उभी करून तापू द्या. साधारण शंभर माइल्सनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा घट्ट करा, आणि पॅकिंगवाला मफलर असेल तर पहिल्या काही आठवड्यांत आवाज थोडा खुलतो, तोवर तो बदलायचा की नाही हे ठरवू नका.